माळावर खड्डे खणण्याआधी काळविटांचा विचार करा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

मृग नक्षत्र जवळ आले की वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या संस्थेने ओसाड माळावर रोपे लावली, कुठल्या गावाने पडीक गायरान हिरवे करायचे ठरवले, आणि सोबत खड्ड्याभोवती उभ्या मान्यवरांचे छायाचित्र. या मंडळींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतो तिच्यावर काळविटांचे कळप जगतात, आणि झाडी दाटली की ते तिथून उठून जातात. या बातम्यांत हे कधीच वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि पुणे जिल्ह्याची पूर्व बाजू हा पर्जन्यछायेचा टापू आहे. मुरमाड जमीन, थोडे खणले की खडक, पाऊस बेताचा. अशा जागी निसर्गतः गवतच येते. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनच एखादा हिवर नाहीतर बोरीचे झुडूप. उन्हाळ्यात ते वाळून पिवळे पडते, आणि माळ मेला असे आपण समजतो. वळवाचे चार थेंब पडू द्या, तोच माळ तळापासून फुटून येतो. हजारो वर्षे तो असाच आहे. कुणी जंगल तोडले म्हणून तो तयार झालेला नाही.

काळवीट या मोकळेपणासाठीच घडला आहे. त्याचे सगळे संरक्षण नजर आणि पाय या दोनच गोष्टींत आहे. दूरवरून धोका दिसायला हवा आणि दिसल्यावर पळायला रान हवे. कळपातली एखादी मादी हवेत उंच उडी घेते, तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि मग सगळा कळप उधळतो. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या या प्राण्याला एवढा वेग कशाला हवा होता, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. या माळांवर चित्ता होता. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चित्ता गेला, वेग राहिला. आता काळविटामागे असतो लांडगा, आणि अलीकडे मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या.

नर आपली जागा कशी राखतो हे पाहण्यासारखे असते. उघड्यावरच्या एका तुकड्यात तो पुनःपुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो. तिथे ढीग साचतो आणि तीच त्याची खूण. डोळ्यांपुढच्या ग्रंथीचा स्राव तो गवताच्या काडीला किंवा फांदीच्या टोकाला घासून लावतो. मादी जवळ आली की मान वर ताणतो, पिळाची शिंगे पाठीला टेकतात, कान खाली पडतात, आणि घशातून घुरघुरत तो पावले टाकतो. शेजारचा नर सीमा ओलांडून आला तर शिंगांना शिंगे भिडतात. गुजरातमध्ये वेळावदरला असे अनेक नर अगदी लहान लहान तुकडे धरून शेजारी शेजारी उभे राहतात आणि माद्या त्यांच्यातून फिरून निवड करतात. हे सगळे दिसण्यावर चालते. मधे झाडांची भिंत उभी राहिली तर नर दाखवणार कुणाला आणि मादी पाहणार काय?

पाडसांचेही तसेच. सुमारे सहा महिन्यांच्या गर्भानंतर मादीला बहुधा एकच पाडस होते आणि पहिले काही दिवस ती त्याला गवतात लपवून ठेवते. पाडस जमिनीला चिकटून, मान टेकवून निपचित पडते, आई लांब चरते आणि दूध पाजायला तेवढी येते. म्हणून एक कळकळीची विनंती, गवतात एकटे पाडस दिसले तर ते अनाथ समजून उचलून आणू नका. त्याची आई बहुतेक वेळा आसपास असते आणि तुम्ही निघून जाण्याची वाट पाहत असते.

आता या माळावर आपण काय करतो ते पाहा. पाणी अडवायला उताराला आडवे सलग समतल चर खणतो, गवताचा थर उलटापालटा करतो, आणि गिरिपुष्प, सुबाभूळ अशी लवकर वाढणारी परकी झाडे लावतो. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढी रोपे लावायची तर रिकामी जागा हवी, आणि रिकामी दिसते ती माळाचीच. त्यात परदेशातून आणलेली, आपोआप पसरणारी काटेरी वेडी बाभूळ आहेच. तिच्या गोड शेंगा काळवीट आवडीने खातात, बिया लेंड्यांतून न पचता बाहेर पडतात आणि रुजतात. म्हणजे आपण आणलेले झाड काळवीट स्वतःच आपल्या माळावर पसरवतो. तमिळनाडूत पॉइंट कॅलिमेरला या बाभळीने काळविटांचे गवताळ रान व्यापले आहे. ते पाहूनही आपण शहाणे व्हायचे नाही का?

मुळात दुखणे आपल्या कागदपत्रांत आहे. महसूल न देणारी जमीन ती पडीक, ही ब्रिटिश अमदानीतली समजूत अजून सुटलेली नाही. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत आजही गवताळ रानांचे मोठे पट्टे सापडतात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. त्याला मारले तर तुरुंगवास, त्याचे घर खणून काढले तर मात्र सत्कार. हे मला सहन होत नाही.

शेतकऱ्याची बाजू मी विसरलेलो नाही. कोवळी ज्वारी आणि हरभरा कळपाने रातोरात खाल्ला की वर्षाचे गणित कोलमडते, आणि भरपाईसाठी तक्रार, पंचनामा, हेलपाटे या चक्रातून जाताना माणूस जेरीस येतो. ती भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. पण माळावरचे गवत गेल्यावर कळप अधिकाधिक शेतात उतरणार, हेही तितकेच खरे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत काळवीट कसे मावतील? त्यांचे खरे जगणे अभयारण्याच्या बाहेर, गायरानांवर आणि वनखात्याच्या विखुरलेल्या माळांवर चालते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा अनुभव तर आपल्यासमोर आहे. ज्या पक्ष्यासाठी ते १९७९ मध्ये केले, तो तिथून जवळपास दिसेनासा झाला. काळवीट अजून आहेत. खोकड, लांडगे, चंडोल आहेत. धनगरांच्या मेंढ्याही पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर वाढल्या. बेताची चराई गवताला मारक नाही, नांगर आणि खड्डे मारक आहेत.

झाडे जरूर लावावीत. रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात, गावठाणात, जिथे झाड जगते आणि कुणाला सावली देते तिथे. माळावर काही करायचेच असेल तर वेडी बाभूळ काढावी, मारवेल आणि पवन्याचे बी पेरावे, माळालगतच्या उघड्या विहिरींना कठडे बांधावेत. पळता पळता त्यांत पडून हरणे मरतात, आणि हे काम ग्रामपंचायत आपल्या पातळीवर करू शकते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. यंदा वृक्षारोपणाची बातमी छापताना जागेचा गट नंबर आणि तिथे आधी काय होते, गवत की झाडी, एवढे दोन तपशील वार्ताहरांनी विचारावेत. जिल्ह्यातल्या ज्या गायरानांवर आणि वनजमिनींवर काळविटांचा वावर आहे त्यांची यादी वनविभागाकडून मागवून, खड्डे पडायच्या आत, मे महिन्यातच प्रसिद्ध करावी.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर जिल्हा