बिघडले की आधी हात मागे घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीतल्या छंदांवरचा आपला लेख वाचला. प्लास्टिकची स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमाना-रणगाड्यांच्या मापात लहान केलेल्या प्रतिकृती, जोडण्याबद्दल त्यात 'मनाला शांतता देणारा छंद' एवढेच म्हटले आहे आणि शेजारी एका निर्दोष लढाऊ विमानाचे छायाचित्र आहे. ते पाहून जे मूल सुट्या भागांचे किट उघडेल, त्याच्या वाट्याला पहिल्याच आठवड्यात गोंदाने बरबटलेली बोटे, धडाच्या दोन अर्धांमध्ये राहिलेली फट आणि चिमट्यातून उडून गेलेले चाक येणार आहे. शांतता मिळते, पण बरीच नंतर. मधल्या काळात छंद सोडून देणाऱ्या मुलांसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आता निवृत्त आहे. माझा भाचा आणि त्याचे मित्र आमच्याच टेबलावर मॉडेल जोडत बसतात. त्यांचे चिडणे, रडवेले होणे, अर्धवट विमान खोक्यात कोंबून उठून जाणे मी रोज पाहते. त्यावरून माझे एक ठाम मत झाले आहे. मॉडेलचा घात मूळ चुकीने क्वचितच होतो. तो होतो चुकीनंतरच्या पाच मिनिटांत, ती निस्तरण्याच्या घाईत.

याला कारण आहे आणि ते साहित्यातच आहे. ही किटे पॉलिस्टायरीनची असतात आणि त्यांचा द्रव गोंद खरे तर चिकटवत नाही, तो प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून गेले की एकजीव होतात. पंखावर गोंद सांडला म्हणजे तिथले प्लास्टिक त्या घडीला साईसारखे मऊ झालेले असते. मूल घाबरून अंगठ्याने पुसते. डाग जात नाहीच, वर अंगठ्याचा ठसा उमटतो आणि रिव्हेटच्या बारीक ओळी फासल्या जातात. हात न लावता तो पंख दिवसभर, जमल्यास दोन दिवस, बाजूला ठेवला तर प्लास्टिक पुन्हा कडक होते. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ६००, १०००, असे पाण्यात बुडवून घासले की बहुतेक वेळा डागाची खूणही उरत नाही. तिथेही घाई नडते. जोड पुरता सुकण्याआधी घासून गुळगुळीत केला तर आत राहिलेले द्रावक नंतर सावकाश उडते, प्लास्टिक आक्रसते आणि रंग दिल्यावर काही आठवड्यांनी तीच रेघ पुन्हा वर येते. मुलाला वाटते, आपल्या हातालाच यश नाही. हाताचा काही दोष नसतो, वेळ कमी पडलेला असतो.

सुपरग्लूने कॉकपिटची पारदर्शक काच पांढुरकी झाली, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, गेलं सगळं." काहीही गेले नव्हते. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून पृष्ठभागावर घट्ट होते, आणि बोटांचे ठसे असतील तिथे जास्तच बसते. गुन्ह्याच्या तपासात अदृश्य ठसे दिसावेत म्हणून हीच वाफ वापरतात. हे सांगितल्यावर त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि तो भिंगातून काच न्याहाळू लागला. पांढरा थर वरच्या वर होता. बारीक पॉलिशने घासून, वरून चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ हात दिल्यावर काच पुन्हा दिसण्याजोगी झाली. पुढची काच त्याने पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने बसवली. कारण कळले की चिडायला जागा उरत नाही, हा माझा अनुभव आहे. 'धीर धर' या कोरड्या उपदेशाचा मात्र त्या वयात शून्य उपयोग होतो.

काही वेळा तर चूक झालेलीच नसते. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर बसवायचे चिन्हाचे पातळ चित्र, नीट चिकटावे म्हणून त्याला मऊ करणारे द्रावण लावतात. लावल्यावर मिनिटभरात डिकल असे सुरकुतते की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मुले लगेच बोट किंवा ब्रश लावून ते सरळ करायला जातात आणि ते फाटते. न शिवता ठेवले तर सुकता सुकता ते आपोआप पृष्ठभागाला घट्ट बसते, खाचांमध्येसुद्धा. डिकल स्वतःवरच दुमडले तर ओढू नये, पाण्याचा थेंब सोडून तरंगू द्यावे, हळूहळू उलगडते. ओल्या रंगात केस किंवा धूळ पडली तरी तोच नियम. सुकू द्या, घासा, पुन्हा रंगवा. ॲक्रिलिक रंग अगदीच फसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरवता येतो, प्लास्टिकला धक्का लागत नाही. घरात सापडलेले नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही लावू नये. त्यात बहुधा ॲसिटोन असते आणि ते पंखच विरघळवेल.

थांबायचे म्हणजे मुलाने हातावर हात ठेवून बसायचे का? तसे बसवत नाही. म्हणून आमच्या टेबलावर दुसरे काम कायम तयार असते. चाके रंगवायची, वैमानिकाची आकृती करायची, नाहीतर उरलेला स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची दांडी, मेणबत्तीवर मऊ करून ताणायचा. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली अर्थात. त्यातून केसासारखी तार निघते आणि मोडलेल्या अँटेनाच्या जागी शोभते. उडालेला भाग शोधायचा असेल तर खोलीतला दिवा घालवून विजेरी जमिनीला टेकवून आडवी धरावी. इवल्याशा तुकड्याची सावली लांब पडते आणि तो सापडतो. त्या रात्री काही करवतच नसेल तर कोणता टप्पा राहिला याची चिठ्ठी लिहून खोक्यात टाकावी. चिठ्ठी असलेले खोके पुन्हा उघडले जाते.

पालकांशी माझे दोन बाबतींत भांडण आहे. काहीजण लगेच म्हणतात, "असू दे, नवीन आणू." यात माया असते, पण मूल एवढेच शिकते की बिघडलेली वस्तू टाकायची असते. दुसरे पालक मुलाच्या हातातून मॉडेल काढून घेतात आणि स्वतः नीट करून देतात. मॉडेल सुधारते, मूल मात्र टेबलावरून उठते ते कायमचे.

मोबाइलवरच्या छायाचित्रांबद्दलही लिहायला हवे. १/७२ मापात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानात ३.६ सेंटिमीटर, त्यामुळे ती डोळ्यांना खुपते, हे मान्य. पण मुले आपले विमान पडद्यावर कैकपट मोठे करून बघतात आणि कुणा निष्णाताच्या सर्वोत्तम छायाचित्राशी ताडतात. मॉडेल हातभर अंतरावरून पाहायची वस्तू आहे, तिथून ती पाहावी. आज किटे बनवणाऱ्या ज्या तामिया या जपानी कंपनीच्या अचूकपणाचा ही मुले दाखला देतात, तिचे १९६० साली आलेले पहिले प्लास्टिक किट, 'यामातो' युद्धनौकेचे, तोट्यात गेले होते. नंतरचा पँथर रणगाडा चालला, आणि त्याचे १/३५ हे माप तर आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ठरले होते. पुढे तेच माप जगभर रूढ झाले. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा त्याने दोनदा विचारले, "खरंच?"

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी पूर्ण झालेल्या मॉडेलसोबत एखादे अर्धवटही छापा. पुट्टीचे राखाडी पट्टे, मास्किंग टेप, घासलेले सांधे दिसू द्या आणि काय बिघडले, कसे सावरले ते दोन ओळींत लिहा. शिवाय, द्रव गोंद व थिनर वापरताना खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलांनी ते एकट्याने हाताळू नयेत, ही सूचना लेखात राहून गेली आहे. तीही कृपया द्यावी.

आपली,
प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक वाचक