दिवा लागला नाही म्हणून पास झालेली गाडी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वापरलेल्या गाड्यांची ऑनलाइन विक्री

विषय : सदोष तपासणी अहवालाच्या भरवशावर विकलेली गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत

महोदय,

तुमच्या ॲपवरून घेतलेली गाडी मी चार दिवस चालवली. पाचव्या दिवशी चावी काढून कपाटात ठेवली, ती आजतागायत तिथेच आहे. गाडी सुरू होते, एसी गार करतो, गिअर सुरळीत पडतात. फक्त तिच्यात शेजारच्या सीटसमोर एअरबॅग नाही. त्या सीटवर चार दिवस माझी आई बसत होती.

तुमच्या चॅटवर हे मी पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ एवढंच उत्तर आलं, पाचव्यांदा सोबत हसरा चेहरा. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. कृपया हे पत्र माणसाने वाचावं.

आधी न्यायाने जे चांगलं ते सांगते. जाहिरातीतली गाडी आणि घरी आलेली गाडी एकच होती. काचेखालचा, दाराच्या चौकटीवरचा आणि कागदपत्रांवरचा चॅसी नंबर मी स्वतः वाचून जुळवून घेतला होता. किलोमीटरबद्दलही माझी तक्रार नाही. पेडलवरचं रबर आणि स्टिअरिंगचं कातडं त्या आकड्याला शोभेल इतकंच झिजलेलं आहे. टायर मात्र ‘उत्तम’ नव्हते. टायरच्या कडेवर बनावटीच्या तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चारपैकी दोन टायरांवर १४१७ आहे, म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. ग्रिप शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं, हे तुमच्या तपासनीसाला माहीत असायला हवं. तरी टायर बदलता येतात, त्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते.

मुद्दा एअरबॅगचा आहे. इंजिन सुरू करताना चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर इशाऱ्यांचे बरेच दिवे एकदम लागतात. एअरबॅगचा दिवाही लागतो, काही सेकंद राहतो आणि विझतो. ती त्या यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. दिवा लागून विझला नाही तर बिघाड आहे. आणि दिवा मुळात लागलाच नाही, तर दिव्याचाच काहीतरी बंदोबस्त झालेला आहे. पाचव्या दिवशी सकाळी मुलीला गाडीची ओळख करून देत होते. ती नुकतीच ड्रायव्हिंग शिकते आहे, त्यामुळे तिला प्रत्येक दिव्याचं नाव हवं असतं. तिने विचारलं, “आई, पुस्तकात हा माणसासमोर फुगा असलेला दिवा आहे, तो आपल्याकडे का लागत नाही?” मी वीस वर्षं गाडी चालवते आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गॅरेजमध्ये आमच्या मेकॅनिकने मीटरचा भाग बाहेर काढला. एअरबॅगच्या दिव्यावर मागून काळी चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी काढल्यावर दिवा लागला आणि तो विझला नाही. मग त्याने शेजारच्या सीटसमोरचं झाकण उघडलं. आत एअरबॅग असायला हवी होती तिथे नुसती पोकळी. कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर खोचलेला होता, यंत्रणेला एअरबॅग जागेवर आहे असं वाटावं म्हणून. तेही काम नीट झालेलं नसावं, म्हणून वरून पट्टी. मी तिथे स्टुलावर बसून त्या पोकळीकडे बघत होते. धडकेत एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते म्हणतात. आमच्या गाडीत पापणी लवली असती, पुढे काहीच झालं नसतं.

आता तुमचा अहवाल. त्याच्या चौथ्या पानावर ‘एअरबॅग इशारा दिवा’ अशी ओळ आहे आणि पुढे लिहिलंय : ‘लागलेला नाही’. त्याच्या समोर हिरवी खूण. तुमच्या तपासनीसाने खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याने जे दिसलं ते अगदी खरं लिहिलं. दिवा लागलेला नव्हताच. पण तुमच्या फॉर्ममध्ये ‘लागला आणि विझला’ असा पर्यायच नाही. म्हणजे ज्याने पट्टी चिकटवली, त्याने नेमकी तुमचा फॉर्म पास होईल अशीच गाडी तयार केली. निरोगी गाडी आणि एअरबॅग काढलेली गाडी, दोघींना एकच हिरवी खूण.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी एका चुकीच्या रकान्याची तक्रार केली असती. पण त्याच अहवालात ‘अपघातमुक्त’ असंही छापलं आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘इतिहासात अपघाताची नोंद आढळली नाही’. मेकॅनिकने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. छत आणि मागचे दरवाजे त्या हिशेबात बसले. बॉनेट आणि पुढचा उजवा फेंडर ४०० च्या वर गेले, म्हणजे खाली पोचे भरायची पुटी आहे. मग नोंद कशी आढळली नाही? घरी येऊन अहवाल अक्षर अक्षर लावून वाचला. उत्तर पहिल्याच पानावर होतं.

चॅसी नंबर सतरा अक्षरांचा असतो. अमेरिकेत १९८१ पासून तो सक्तीचा झाला आणि जगभर बहुतेक ठिकाणी हीच पद्धत रुळली. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. उत्तर अमेरिकेत तर नववी जागा खास ताळा करण्यासाठी राखलेली असते, म्हणजे नंबर चुकला तर संगणकाला हिशेबानेच कळावं. तुमच्या अहवालातल्या चॅसी नंबरात बाराव्या जागी शून्याऐवजी ओ आहे. असा नंबर असलेली गाडी जगात कुठेही असू शकत नाही. जी गाडी अस्तित्वातच नाही, तिच्या अपघाताची नोंद कुठून आढळणार? तुमच्या संगणकाने तो नंबर निमूट घेतला, शोध घेतला, काही सापडलं नाही, आणि न सापडणं हाच निर्दोषपणाचा दाखला म्हणून छापून दिला.

बरोबर नंबर टाकून, स्वतःच्या खिशातून शुल्क भरून मी इतिहास काढला. पुढच्या बाजूने धडक आणि त्यावरचा विम्याचा दावा, दोन्ही पहिल्या पानावर. मला पाच मिनिटं लागली. त्याच चुकीच्या नंबराने तुम्ही ‘उत्पादकाने परत बोलावलेली गाडी नाही’ हीसुद्धा हिरवी खूण दिली आहे. तकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा नेमकी कोणती गाडी धोक्याची हे मालकांनी याच सतरा अक्षरांवरून शोधलं. ती तपासणी तुम्ही माझ्या गाडीची केलेली नाही, कुठल्यातरी काल्पनिक गाडीची केली आहे.

आणखी एक गोष्ट, जिचं उत्तर मला लेखी हवं आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या संगणकातले बिघाड वाचण्यासाठी. त्याला मेकॅनिकने स्कॅनर जोडला. जुन्या बिघाडांचे कोड शेवटचे कधी पुसले आणि त्यानंतर गाडी किती चालली, हे बहुतेक गाड्या सांगतात. आकडा आला ११३ किलोमीटर. त्या वेळी मीटरवर ४८,३४५ होते, म्हणजे कोड ४८,२३२ ला पुसले गेले. तुमच्या तपासणी अहवालात मीटर ४८,२१२ लिहिलं आहे आणि मला गाडी दिल्याच्या पावतीवर ४८,२५१. तपासणी झाल्यानंतर आणि माझ्या हातात येण्याआधी हे घडलं, आणि त्या काळात गाडी तुमच्या आवारात होती. बॅटरी काढून लावली तरी काही गाड्यांत कोड पुसले जातात, हे मला माहीत आहे, म्हणून मी कुणाला लबाड म्हणत नाही. पण बॅटरी काढली असेल तर ती कुणी आणि का काढली, आणि कोड मुद्दाम पुसले असतील तर त्यात काय होतं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आता पैशांबद्दल. विक्रेत्याशी परस्पर व्यवहार करू नका, ॲपबाहेर पैसे देऊ नका, आमच्या सुरक्षित खात्यात ठेवा, गाडी पसंत पडल्यावरच पैसे पुढे जातील, असं तुम्ही ठळक अक्षरात सांगता. मी तंतोतंत तसंच वागले. याआधी जुनी गाडी मी स्वतः विकली होती तेव्हा ‘आम्ही परदेशात आहोत, गाडी न बघताच घेतो, जास्तीची रक्कम पाठवतो, उरलेली तुम्ही परत पाठवा’ असले ग्राहक भेटले होते. त्यामुळे मधे कुणीतरी जबाबदार हवा म्हणूनच तुमचं सेवा शुल्क मी कुरकुर न करता भरलं. गाडी घेऊन आलेल्या मुलाने दारातच टॅब पुढे केला. “मॅडम, फक्त ‘गाडी मिळाली’ दाबा, म्हणजे मला चावी देता येईल.” मी दाबलं. मला वाटलं, ही पोच आहे. ती पोच नव्हती, पैसे सोडण्याची परवानगी होती. ते बटण दाबल्याशिवाय चावी मिळत नाही आणि चावीशिवाय गाडी तपासता येत नाही. तेव्हा ‘पसंत पडल्यावर’ याचा अर्थ काय, तो तुमच्याच कुणीतरी मला समजावून सांगावा. मुलाला बोल लावत नाही, त्याला सांगितलं तसं तो वागला. भर उन्हात आला होता बिचारा.

सात दिवसांत परत करण्याची सोय आहे, असंही तुम्ही लिहिता. मी गाडी मिळाल्याच्या पाचव्या दिवशी तक्रार नोंदवली. त्या तक्रारीला तुमचं उत्तर आलं की मुदत पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजतात आणि आज आठवा दिवस आहे. पैसे भरल्यावर गाडी यायला तीन दिवस तुम्ही लावलेत. ते तीन दिवस मी काय परत करायचं होतं, पावती?

त्यापुढचं उत्तर तर कहरच. ‘आम्ही खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातील केवळ मध्यस्थ आहोत.’ जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून हळूहळू निघून जातो. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मी कॉलेजात हेच शिकवते, म्हणून मला तुमचा धंदा नीट कळतो. ही न दिसणारी खोड दाखवण्याचेच पैसे तुम्ही घेता. गाडीवर तुमचा शिक्का, अहवालावर तुमचं बोधचिन्ह, आवार तुमचं, तपासनीस तुमचा. विक्रेत्याशी माझं एकदाही बोलणं झालेलं नाही, कारण तुम्हीच ते होऊ दिलं नाही. मग मधे होतं कोण?

जाता जाता एक. तक्रार नोंदवल्यानंतर दोन तासांत मला फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःला तुमचा प्रतिनिधी म्हणवलं, माझा तक्रार क्रमांक बिनचूक सांगितला आणि ‘परतावा लगेच देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणाला. मी फोन ठेवला. माझा तक्रार क्रमांक मी तुमच्याशिवाय कुणालाही दिलेला नव्हता. तो फोन ज्या नंबरवरून आला तो नंबर आणि फोनची वेळ सोबत देत आहे.

माझी मागणी अशी. गाडीची पूर्ण किंमत, तुमचं सेवा शुल्क, मी स्वतः काढलेल्या इतिहासाचं शुल्क आणि मेकॅनिकचं बिल पंधरा दिवसांत माझ्या मूळ खात्यात परत करावं. मालकी हस्तांतराची प्रक्रिया सुरू झाली असल्यास ती तुमच्या खर्चाने मागे घ्यावी, कारण कागदावर मी मालक राहिले आणि ही गाडी उद्या कुठे धडकली, तर पहिली विचारणा मलाच होईल. तपासणीपासून माझ्या दारापर्यंत गाडी कुणाकुणाच्या ताब्यात होती याची नोंद द्यावी. आणि त्याच फॉर्मवर, त्याच तपासनीसाने पास केलेल्या इतर गाड्यांच्या मालकांना आज तरी कळवावं की चावी अर्धी फिरवा आणि एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा. यासाठी तुम्हाला काही खर्च नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन. कागद तयार आहेत.

ही गाडी परत घेतल्यावर तिच्यात एअरबॅग बसवल्याशिवाय, किंवा ती नाही असं पहिल्या ओळीत लिहिल्याशिवाय ॲपवर पुन्हा चढवू नये. चॅसी नंबर मला पाठ झाला आहे, मी शोधत राहीन.

आणि न्यायला येताना टोइंगचा ट्रक पाठवा. टॅब घेऊन येणाऱ्या मुलाला मी ती चालवत नेऊ देणार नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत : तपासणी अहवालाची प्रत (पहिलं आणि चौथं पान खुणा करून), गाडी दिल्याची पावती, बरोबर चॅसी नंबरावरून काढलेला इतिहास, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, मेकॅनिकचा लेखी अभिप्राय व बिल, चिकटपट्टीचे आणि रिकाम्या जागेचे फोटो, चॅटवरची पाचही उत्तरं, ओटीपी मागणाऱ्या फोनचा नंबर आणि वेळ.