हात लावायचं चित्र

महोदय,

मुंबईतल्या एका कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला नातवाला घेऊन गेलो होतो. एका मुलीने जुन्या शिलाई मशीनचं चाक दोऱ्यांनी लाकडी पाखरांना जोडलं होतं. चाक फिरवलं की पाखरं पंख हलवत. शेजारी ‘फिरवून पाहा’ अशी ठळक पाटी, तरी मोठी माणसं हात मागे बांधून उभी! नातवाने चाक फिरवलं, मग रांगच लागली. (मीही दोनदा फिरवलं.)

ब्राझीलच्या लिजिया क्लार्क यांनी १९६० च्या सुमारास बिजागऱ्यांची धातूची शिल्पं केली, ती प्रेक्षकांनी हाताळावीत म्हणूनच. आज त्यांतली अनेक संग्रहालयांत काचेआड आहेत.

तक्रार एकच. दुसऱ्या एका कलाकृतीची वायर तुटलेली आणि विचारायला जवळपास कोणी नाही. लोक हाताळणार म्हणजे वस्तू मोडणारच. तेव्हा दालनात पाळीपाळीने विद्यार्थी बसवावेत, सोबत स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटपट्टी द्यावी. त्यांच्याशी बोलायलाही मिळेल. शिवाय नोकरदारांसाठी रविवारी दालन उघडं ठेवता आलं तर पाहावं.

– एक वाचक, ठाणे