प्रश्नचिन्हाची पळवाट

महोदय,

हल्ली मथळ्यांत प्रश्नचिन्हांचा आणि उद्गारचिन्हांचा सुळसुळाट झाला आहे. खरे तर ही चिन्हे मराठीत रुळून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. मोडी लिपीतला एखादा जुना कागद बघा. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची, तीही टाक होता होईल तो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य कुठे संपले याची खूण नाही. वाचणाऱ्याने संदर्भाने ताडायचे. पोथ्यांत निदान ओवीच्या शेवटी दोन दंड आणि क्रमांक तरी असे.

स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी इंग्रजी अमदानीत आली. इंग्रज अधिकारी आणि मराठीचे कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक लिहून ती मराठीत रुजवली. कँडीसाहेबांच्या मराठीला इंग्रजी वळण होते, ही टीका रास्तच. पण या बाबतीत त्यांचे ऋण मानायलाच हवे. हिंदीने वाक्याअखेर दंड राखला, आपण टिंब घेतले.

आता ‘मंत्री राजीनामा देणार?’ असा मथळा घ्या. यात कोण कोणाला विचारते आहे? बातमी पक्की नाही, एवढेच ते चिन्ह सांगते आणि उद्या खोटी ठरली तर हात झटकायची सोय करून ठेवते. आपल्या उपसंपादकांनी खात्री असेल तर पूर्णविराम द्यावा, नसेल तर बातमी एक दिवस थांबवावी.

— एक वाचक, सातारा