निळ्या पेनाची रेघ

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसींसाठी मी कोथरूडमधल्या महापालिकेच्या दवाखान्यात आले होते. रडणाऱ्या बाळाला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेताना मी ओठ चावला, आणि एवढ्या रांगेत ते नेमके तुम्हाला दिसले.

त्याआधी दोन दिवस मला १०२ ताप होता, हुडहुडी भरत होती आणि डावा स्तन एका बाजूला दगडासारखा झाला होता. ज्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपण झाले तिथे फोन केला, तर न तपासताच ‘दूध दाटले असेल, जोरात चोळा’ एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. मालिशवाल्या मावशींनी बिचाऱ्यांनी तसे चोळले आणि दुखणे वाढले. तापाचे दूध बाळाला बाधेल म्हणून घरात वरच्या दुधाची तयारी सुरू झाली होती.

तुम्ही मला पडद्यामागे नेलेत. सावळ्या अंगावर लाली चटकन कळत नाही, असे सांगत तुम्ही पालथा हात आधी उजवीकडे, मग डावीकडे ठेवलात आणि फरक मलाही चाचपायला लावलात. स्तनाग्राला पडलेल्या चिरेतून जंतू आत शिरतात, हेही तुमच्याकडूनच कळले. मग ज्या निळ्या पेनाने तुम्ही लसीच्या कार्डावर तारखा लिहीत होतात, त्याच पेनाने त्या गरम, कडक भागाच्या कडेने हलकी रेघ ओढलीत आणि शेजारी वेळ लिहिलीत. “रेघेबाहेर पसरले तर लगेच यायचे. चोळायचे नाही, थंड पट्टी ठेवायची, पाजणे मात्र थांबवू नका, या बाजूनेही पाजा, बाळाला काही होत नाही,” असे म्हणून तुम्ही स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन गेलात.

डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी मी बरी झाले, हे खरेच. पण त्या रात्री दर वेळी बाळाला पाजताना मोबाईलच्या उजेडात मी ती रेघ पाहत होते, कारण तोवर सगळ्यांनी उडवून लावलेले माझे दुखणे तुम्ही माझ्या अंगावर आखून दिले होते आणि ते कुठवर आहे हे आता माझे मला कळत होते. बाहेर रांग खोळंबली असताना आईची विचारपूस करण्याचे काम तुमच्यावर कोणी सोपवले नव्हते. तुम्ही ते केलेत. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला आणि कडकपणा रेघेच्या आत सरकला.

आता दहाव्या आठवड्याच्या लसी जवळ आल्या आहेत. नंबर कुठलाही लागो, मी तुमच्याच टेबलाशी थांबेन. बाळाला एकदा तुम्ही कडेवर घ्यावे, एवढीच इच्छा आहे.

आपली ऋणी,
कोथरूडची एक बाळंतीण