गाडी चालवणारीलाही विचारणाऱ्या बाईंना

सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या डिस्टिलरीचं नाव इथे लिहीत नाही. न विचारता छापणं बरं नव्हे. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे होते. स्कॉटलंडला व्हिस्कीच्या निमित्ताने जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबात एक जण असा असतो, ज्याच्या हातात गाडीची किल्ली असते. तुम्ही जे केलंत ते त्या माणसासाठी होतं.

आमच्यात ती किल्ली माझ्याकडे होती. नवरा, दीर आणि जाऊबाई प्यायला, मी चालवायला. स्कॉटलंडने डिसेंबर 2014 मध्ये वाहनचालकांसाठीची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोलवरून 50 वर आणली, म्हणजे इंग्लंडपेक्षाही कडक. त्यामुळे "एका घोटाने काय होतंय?" हा दिरांचा सल्ला मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला. आदल्या दिवशी एका डिस्टिलरीत व्हिस्की चाखण्याच्या वेळी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि विषय संपला होता. तुम्ही मात्र दारातच विचारलंत, "गाडी कोण चालवतंय?" मी हात वर केला तर म्हणालात, "मग तुम्ही पुढे या. आज तुमच्या नाकाला काम देते."

आणि दिलंत. आधी ओंजळभर माल्ट. बार्ली भिजवायची, मोड येऊ द्यायचे आणि ते फार वाढायच्या आत भट्टीवर वाळवायची. मला हसूच आलं, कारण नाचणीचं सत्त्व करताना आम्ही घरी वेगळं काय करतो? भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. वासही त्याच घराण्यातला. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, हे मात्र तुमच्याकडून कळलं.

मग माणसाहून कितीतरी उंच लाकडी पिंपाचं झाकण उचललंत आणि "सावकाश हं" म्हणेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा झणका माझ्या नाकात गेलाही होता. आत फसफसणारं ते आंबट पेय बिअरच्याच जातीचं, साधारण आठ टक्के अल्कोहोलचं. तांब्याच्या भांड्यांत ते दोनदा गाळलं की त्याचा स्पिरिट होतो. ती भांडी बघून दीर सेल्फी काढत बसले. तुम्ही मला पितळी चौकटीच्या काचपेटीपाशी नेलंत. तिला कुलूप असतं, आणि 1983 पर्यंत डिस्टिलरीतच मुक्कामाला असणाऱ्या सरकारी अबकारी अधिकाऱ्याचा त्यावर पहारा असे. भट्टीवरचा माणूस त्या पेटीतूनच धार पाहतो. सुरुवातीची उग्र धार बाजूला, शेवटची जड धारही बाजूला. पिंपात जाते ती फक्त मधली. बाजूला काढलेलं पुढच्या घाण्यात परत गाळतात. आमच्याकडे हातभट्टीची तारीफ करताना 'पहिल्या धारेची' म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात!

त्यानंतरचं मी अजून लोकांना करून दाखवते. ताज्या, पाण्यासारख्या पारदर्शक स्पिरिटचे चार थेंब माझ्या तळहातावर टाकलेत आणि हात चोळायला लावलेत. पहिल्यांदा नुसतं डोळ्यांत पाणी आणणारं अल्कोहोल. ते उडून गेल्यावर पेअरसारखा गोड वास, आणि आणखी थोड्या वेळाने, हात कोरडे झाल्यावर, निव्वळ धान्य. घोटभरही न पिता. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की मिसळणारे लोक, नमुने पाणी घालून 20 टक्के अल्कोहोलपर्यंत उतरवतात आणि मुख्यतः हुंगूनच पारखतात, तेव्हा "तुमचं काही चुकत नाहीये" हे तुमचं वाक्य नवऱ्याला मी आवर्जून भाषांतर करून सांगितलं.

गोदामाच्या काळ्या भिंतीबद्दल मीच विचारलं होतं. पिंपांतून दरवर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत जाते आणि त्या वाफेवर पोसलेली बुरशी भिंती, झाडं, सगळं काळं करते. आत थंडगार ओल, आणि एकच स्पिरिट आधी बर्बन (अमेरिकन व्हिस्की) भरलेल्या पिंपात फिकट पिवळा, शेरी (स्पॅनिश वाइन) भरलेल्या पिंपात तांबूस झालेला. तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिल्याशिवाय कायद्याने त्याला स्कॉच म्हणता येत नाही. बाकीची मंडळी व्हिस्की चाखायला बसली तेव्हा तुम्ही मला कार्डू डिस्टिलरीच्या सासू-सुनेची गोष्ट सांगितलीत. हेलन कमिंग चोरून दारू गाळायची. अबकारीवाले आले की त्यांना जेवायला बसवायची आणि शेजाऱ्यांना इशारा म्हणून लाल निशाण लावायची. 1824 मध्ये परवाना आला. पुढे सून एलिझाबेथने कारभार हाती घेऊन डिस्टिलरी नव्याने बांधली, जुनी भांडी विल्यम ग्रँटला विकली, आणि ग्लेनफिडिक त्या भांड्यांवर सुरू झाली. दिरांची आवडती ग्लेनफिडिक! त्यांना हे ठाऊक नव्हतं.

निघताना माझ्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटल्यांत भरून दिलीत, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. बर्फ आणि सोडा यावर पोसलेल्या आमच्या परमिट रूमी मंडळींनी दुपारी घाईत जे संपवलं, ते मी रात्री डफटाउन गावातल्या आमच्या मुक्कामाच्या खोलीत, चमचाभर पाणी घालत सावकाश घेतलं. शेरीवालीत मनुका नि संत्र्याची साल स्पष्ट होती. बर्बनवाली मला तितकी रुचली नाही, खरं सांगते. जाऊबाईंना तीच आवडली होती.

परत आल्यावर आम्ही गोव्यात कुंकळ्ळीची पॉल जॉन डिस्टिलरी पाहिली. तिथली बार्ली सहा ओळींच्या कणसाची, आणि उकाड्यामुळे पिंपांतून उडून जाणारा वाटा तुमच्या दोन टक्क्यांच्या कितीतरी पट, म्हणून व्हिस्की लवकर तयार होते. "मधली धार कुठे तोडता?" असं मी विचारलं तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याचं श्रेय तुमचं.

कधी गोव्याला यायचं जमलं तर काजूच्या हंगामात या, मार्च ते मे. एकदा गाळलेली काजूची दारू, हुर्राक, तेव्हाच मिळते. दुसऱ्यांदा गाळलेली फेणी बारा महिने असते. गाडी दीर चालवतील. त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्याची ड्रायव्हर