ती चतकोर चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, ताई

प्रिय ताई,

तुम्ही माझं एक वाक्य लेखातून उठवलंत, त्याबद्दल हे पत्र. समोर बसून आभार मानायला गेलो तर तुम्ही विषय बदलाल हे ठाऊक आहे, म्हणून चारचौघांत लिहितोय.

तुमच्याकडे येण्याआधी तो लेख तिघांनी वाचला होता. एकांनी वर 'विस्कळीत' असा शेरा मारून खाली सही ठोकली. दुसऱ्यांनी 'पाल्हाळ टाळा' लिहिलं. तिसऱ्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही, अख्ख्या परिच्छेदावर लाल फुली. शेरे खोटे होते असं मी म्हणत नाही. विस्कटलंय हे मलाही दिसत होतं हो! कोणत्या वाक्यापाशी विस्कटलं, ते दाखवायला मात्र कुणी बसलं नाही. आजाऱ्याला 'तुम्ही आजारी आहात' एवढंच सांगून घरी पाठवावं, तसं झालं.

तुम्ही बसलात.

लेख मधमाश्यांवर होता आणि तुम्ही त्यातला एकच परिच्छेद निवडलात. 'अन्न कुठे सापडलं ते मधमाशी नाचून सांगते,' या पहिल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि म्हणालात, "आता पुढचं प्रत्येक वाक्य याच्यात काय भर घालतं ते मला सांगा." दुसरं वाक्य दिशेचं होतं: पोळ्यावर नाचताना ती उभ्या रेषेपासून ४० अंश उजवीकडे कलली, तर अन्न सूर्याच्या दिशेपासून ४० अंश उजवीकडे. भर घालतं. तिसरं अंतराचं: अंग थरथरवत ती जितका जास्त वेळ सरळ धावते, तितकं अन्न लांब. भर घालतं. चौथ्याला मी अडखळलो. 'या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.' तुम्ही विचारलंत, "हे मधमाशी कसं सांगते त्याबद्दल आहे, की माणसाला ते कसं उमगलं त्याबद्दल?" माझ्याकडे उत्तर होतं, फक्त ते मोठ्याने म्हणवत नव्हतं.

पाचवं वाक्य माझं लाडकं. 'शिवाय, मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो.' तुम्ही 'शिवाय'वर बोट ठेवून हसलात. त्या हसण्यातच मला कळलं. जे वाक्य आपण होऊन मागच्याला धरत नाही, त्यालाच मी दर वेळी 'शिवाय', 'तसेच', 'त्याचबरोबर' अशा टाचण्या मारत आलो होतो.

आता काट बसणार म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही मात्र एका कोऱ्या कागदाचा चतकोर फाडलात, त्यावर माझं ते वाक्य तुमच्या अक्षरात, स्वल्पविरामासकट उतरवलंत आणि मगच मूळ ओळीवर हलकी रेघ मारलीत. चिठ्ठी माझ्या हातात देत म्हणालात, "वाक्य चांगलं आहे. इथलं नाही. सांभाळून ठेवा."

ताई, ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! दुसऱ्याचं वाक्य खोडायला एक क्षण पुरतो. ते स्वतःच्या हाताने लिहून परत द्यायचं, तर समोरच्याने ते जीव लावून लिहिलंय हे आधी मान्य करावं लागतं. तुमची घाईची कामं बाजूला पडली होती, दोनदा कुणीतरी दारातून डोकावून गेलं. तरी तुम्ही 'स्वल्पविराम इथेच होता ना?' असं मला विचारलंत. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, दिसण्याजोगं असतं अशी माझी समजूत होती. तो स्वल्पविरामाएवढाही असू शकतो, हे तेव्हा पाहिलं.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी १८६६ मध्येच लेखनाच्या पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलंय की परिच्छेदाला एक ठरलेला हेतू हवा आणि विषयांतर नको. आपल्या 'परिच्छेद' शब्दात तर छेद आहेच, चहूबाजूंनी कापून वेगळं काढणं. इतकी वर्षं शब्द वापरला, कात्री दिसली नव्हती.

पुढच्या पानावर सहापैकी पाच वाक्यं पहिल्याला सोडून भलतीकडे गेली होती. मी उत्साहाने पाच चिठ्ठ्या फाडायला घेतल्या, तर तुम्ही हात धरलात. "पाच जण एकीकडे आणि एक दुसरीकडे, तर वाट कोण चुकलं?" आम्ही पहिलं वाक्य बदललं आणि बाकीची पाच जागच्या जागी शहाणी झाली. आणखी एका परिच्छेदाचं मुख्य वाक्य अगदी शेवटी होतं. ते वर न्यायला निघालो तर म्हणालात, "राहू द्या, सगळी त्याच्याकडेच चाललीत." त्या तिघांपैकी कुणी हे सांगितलं असतं, तर माझे निदान दोन महिने वाचले असते.

तुमच्या चिठ्ठीतलं वाक्य पुढे एका नव्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य झालं. काही फुलांच्या पाकळ्यांवर अतिनील प्रकाशातच दिसणाऱ्या खुणा असतात, मधमाशीला मकरंदाकडे नेणाऱ्या. त्या खुणांवरचा तो परिच्छेद. 'शिवाय' लागला नाही. फ्रिश यांची चिठ्ठी मी घरी येऊन स्वतः केली. ती अजून खणात आहे, लेख त्यांच्याविनाच छापून आला.

आणि हो, बेन यांचा उल्लेख या पत्रात उपराच आहे, हे मला कळतंय. लिहिताना मोह आवरला नाही. तुम्हालाही तसंच वाटलं, तर चिठ्ठी करून पाठवा.

तुमचा,
'शिवाय'वाला